रिकाम्या हातांनी आत यायचं नाही

बाय गेल्याचं मला कळलं तेव्हा तीन दिवस होऊन गेले होते. मी कामोठ्याला त्यांच्या घरी गेलो, चौथ्या मजल्यावर 'घरत' या पाटीसमोर उभा राहिलो आणि बेलकडे हात नेला, तर हात रिकामा. दुसराही रिकामाच. पंधरा वर्षांची सवय. मी तसाच खाली उतरलो, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून किलोभर गूळ घेतला आणि परत वर आलो. दुखवट्याच्या घरी गूळ घेऊन जाणाऱ्याला आमच्या साताऱ्याकडे वेड्यात काढलं असतं, एखाद्याने हातही उचलला असता. पण बायच्या दारातून बायचाच नियम मोडून आत जाण्यापेक्षा मार परवडला.

बाय म्हणजे सुलभा घरत. महाप्याला वीसेक कारखान्यांनी मिळून सांडपाणी शुद्ध करायचं एक केंद्र बांधलं होतं, तिथल्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख. पगारपत्रकावर मॅडम, बाकी सगळ्यांना बाय. ठेंगण्या, रुंद, साडीवर पांढरा कोट आणि पायात पुरुषांच्या मापाचे गमबूट. हे बूट इतके मोठे होते की बाय दिसायच्या आधी पाच मिनिटं त्या येत असल्याचं ऐकू यायचं. कामचुकारांना ही पाच मिनिटं फार उपयोगी पडत.

आमच्याकडे तरणतलावाएवढी एक टाकी होती. तिच्यात कारखान्यांचं घाण पाणी येई, खालून ब्लोअर हवा सोडत आणि तपकिरी गाळातले कोट्यवधी जिवाणू ती घाण खाऊन टाकत. बाय त्यांना 'मंडळी' म्हणायच्या. त्यांच्या बोलीत ती 'मंडली' व्हायची. 'जंतू' हा शब्द त्यांनी हेड ऑफिससाठी राखून ठेवला होता. सकाळी आल्या की आधी टाकीत प्लास्टिकचा मग बुडवायच्या, गाळ नाकाशी न्यायच्या आणि डोळे मिटून वास घ्यायच्या. ओल्या मातीचा वास आला तर मंडळी खुशाल. नाही आला तर आमची धडगत नसे. दुपारी टाकीच्या आत-बाहेरचं पाणी तपासून मंडळी नीट जेवल्याची खात्री झाल्याशिवाय बाय स्वतःचा डबा उघडत नसत. "आधी त्यांचा, मंग आपला," असं म्हणायच्या आणि आम्हालाही तेच लागू करायच्या. भुकेपोटी मी काही रिपोर्ट फार वेगात केलेले आहेत.

मी तिथे रुजू झालो त्या दिवशी अकरा वाजता चहा प्यायला बाहेर गेलो. परत आलो तर दारात बाय उभ्या.

"काय आनलंस?"

"काही नाही, चहा पिऊन आलो."

"मंग बाहेर उभा रा. हितं कोनी रिकाम्या हातानं आत येत नाय."

मला वाटलं, रॅगिंग असावं. बीएस्सीला पहिला वर्ग मिळवलेला माणूस मी. रागारागाने अंगणातली एक वीट उचलली आणि त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती अगदी मनापासून न्याहाळली, "बरी हाय" म्हणाल्या आणि ब्लोअरच्या खोलीच्या दाराला लावायला ठेवून घेतली. ती वीट अजून तिथेच आहे. त्या दिवसापासून माझं नाव 'सातारा' पडलं. खरं नाव त्यांनी कधी विचारलंही नाही.

हा नियम सगळ्यांना होता. बाहेर गेलेला माणूस येताना टाकीचे नमुने आणी, नाहीतर टपाल, नाहीतर शुद्ध पाण्याचा कॅन. आमच्याकडे शिपायाची जागा कित्येक वर्षं रिकामी होती आणि कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. एकदा मॅनेजर साहेब छत्री घेऊन आले. बायनी ती आभार मानून ठेवून घेतली. पुढचे दोन पावसाळे साहेब रेनकोट घालून फिरले, पण छत्री मागायची त्यांची छाती झाली नाही.

हा निव्वळ आचरटपणा आहे असंच मी धरून चाललो होतो. त्यामागचं शास्त्र मला कळलं ते संचालक मंडळाच्या बैठकीत.

मे महिना होता. कारखान्यांचे मालक आमच्याकडे बैठकीला जमले होते. त्यांच्यात रंगाच्या कारखान्याचे एक शेठ होते. माणूस सर्वार्थाने वजनदार. शेठनी बायना विचारलं, "मॅडम, ये ब्लोअर दिवसभर कशाला? तेवढ्याशा किड्यांना एवढी हवा? दिवसाआड चालवा ना."

बाय उठल्या. "साहेब, सगले जरा बाहेर चला. काम हाय."

बारा माणसं मुकाट्याने व्हरांड्यात गेली. बायनी आतून कडी घातली. आत एसी, बाहेर महाप्याचं ऊन. जेवणाची ताटं कॅन्टीनवाल्याने व्हरांड्यातल्या टेबलावर नुकतीच मांडून ठेवली होती. बाय आत खुर्चीवर पाय हलवत बसून राहिल्या. दहा मिनिटांत दारावर थापा सुरू झाल्या. मग त्यांनी दार वीतभर उघडलं.

"एक मानूस, एक ताट. ताट नसेल तं दार नाय."

आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ज्यांच्या गाडीचं दारसुद्धा ड्रायव्हर उघडतो ते लोक घाम पुसत, हातात वरण-भाताची ताटं सांभाळत एकामागून एक आत आले.

"बघा," बाय म्हणाल्या, "जेवन आनायला मी मानूस लावला नाय. मी फक्त तुमाला बाहेर काढला. आत यायची घाई तुमची. त्या घाईवर माझा जेवन आत आला. आमची मंडली असाच करते."

जिवाणू खरोखर असंच करतो. हे माझ्या डिग्रीत चार पानांत होतं आणि ती पानं मी परीक्षेला ऑप्शनला टाकली होती. जिवाणूभोवती एक पातळ पडदा असतो. श्वासातून मिळालेली ताकद वापरून तो प्रोटॉन नावाचे धन भाराचे कण पडद्याबाहेर ढकलत राहतो. बाहेर त्यांची गर्दी होते आणि सगळ्यांना आत यायची घाई सुटते. पडदा त्यांना आत येऊ देत नाही. त्यात ठरावीक दारं असतात, आणि त्यातली काही दारं अशी खट असतात की प्रोटॉनने सोबत साखरेचा किंवा दुसऱ्या अन्नाचा कण आणला तरच उघडतात. प्रोटॉनला आत यायला मिळतं, जिवाणूला जेवण मिळतं. हवा बंद केली की श्वास बंद, मग बाहेर ढकलणं बंद, की जेवणही बंद. ब्लोअर दिवसाआड चालवा म्हणणं म्हणजे बायना दिवसाआड उपाशी राहा म्हणण्यासारखं होतं.

तेवढ्यात पॅन्ट्रीच्या मागच्या दाराने शेठ आत आले. हात रिकामे. ताट उचलणं त्यांना शोभलं नसतं. ते आले तसे आणखी तिघे त्याच वाटेने आले आणि एसीखाली जाऊन बसले. व्हरांड्यात चार ताटं पडून राहिली. एकातला पापड कावळ्याने नेला.

"आन हा खेकडा," बाय शेठकडे बोट दाखवून म्हणाल्या.

खेकड्याचं त्यांनी पुढे सांगितलं ते असं. बायच्या वडलांचं खाडीकाठी मिठागर होतं. भरतीचं पाणी दारातून आत घ्यायचं, बांध घातलेल्या कोंड्यांमध्ये अडवायचं आणि उन्हात आटवायचं. सगळी भिस्त बांधावर. बांधात खेकड्यांनी बिळं केली की संपलं. दार नीट, माणसं राबतायत, पण पाणी दाराला विचारत नाही, भलतीकडून ये-जा करतं. वडील रोज अनवाणी बांधावरून चालायचे आणि तळपायाला माती कुठे भुसभुशीत लागते ते बघायचे. शेठ हसले. बाकीचेही हसले. ब्लोअर मात्र चालू राहिले.

ते मिठागर आता नाही. त्यावर भराव पडला आणि त्या भरावावर इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीत आमच्या मॅनेजर साहेबांचा फ्लॅट होता. "साहेब माझ्या बापाच्या तिसऱ्या कोंडीत झोपतो," असं बाय अधूनमधून कोणत्याही संदर्भाशिवाय म्हणायच्या. भराव पडायच्या आदल्या आठवड्यात बायनी वडलांबरोबर जाऊन तिथला दोन बादल्या चिखल काढून आणला होता. आमचं केंद्र तेव्हा नवं होतं. कारखान्यांचं पाणी इतकं खारट होतं की विकत आणलेले जिवाणू त्यात तीन वेळा मेले होते. बायनी त्या दोन बादल्या टाकीत ओतल्या. खाऱ्या चिखलातली मंडळी त्या पाण्यात घरच्यासारखी रमली. वडील पुढच्याच वर्षी वारले. म्हणजे त्या टाकीत जे बुडबुडत होतं ते मिठागराचं उरलेलं शेवटचं जिवंत काही होतं. हे बायनी मला एकदाच सांगितलं आणि लगेच मागच्या आठवड्याच्या रिपोर्टवरून झापलं.

बैठकीनंतर दोनेक वर्षांनी एका मंगळवारी सकाळी टाकी बिघडली. ब्लोअर पूर्ण जोरात चालू, तरी पाण्यातल्या ऑक्सिजनचा काटा तळाला. बाहेर पडणारं पाणी गढूळ, म्हणजे अन्न जसंच्या तसं राहिलेलं. मॅनेजर साहेबांनी एक सल्लागार बोलावला. त्याने टाकीकडे लांबूनच पाहून सांगितलं, "सब डेड आहे. खाली करा, नवीन कल्चर टाका." शुक्रवारी टाकी उपसायचं ठरलं.

बायनी काट्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मेलेला मानूस श्वास घेतो काय रं?"

"म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"मंडली मेली असती तं हवा कोनी घेतली असती? काटा वर राहिला असता. हितं हवा पुरत नाय. म्हंजे जिती हायत. दम लागलाय त्यांना. पन घास उतरत नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सातारा, बांधाला खेकडा लागलाय."

काही रसायनं अशी असतात की ती दाराच्या वाटेला जातच नाहीत. प्रोटॉनला काखोटीला मारतात आणि सरळ पडद्यातून आत नेऊन सोडतात. जिवाणू बिचारा जिवाच्या आकांताने बाहेर ढकलतो, धापा टाकतो, प्रोटॉन पुन्हा रिकाम्या हातांनी आत. बाहेर गर्दीच होत नाही, मग दारातून अन्न कोण आणणार?

"शुक्रवारपर्यंत माझी हाय टाकी," एवढं बोलून बायनी कारखान्यांकडून येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला, त्याचं चाक काढलं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं. पर्सची चेन लागेना. कारखान्यांचे फोन सुरू झाले. साहेब चाक मागत होते आणि बाय ऐकू येत नसल्यासारखं करत होत्या.

बुधवारी आम्ही दोघं निघालो. बायच्या हातात काचेच्या बाटल्या, माझ्या हातात धुण्याच्या सोड्याची पिशवी आणि झाकणं उचलायची पहार. गटाराच्या एकेका चेंबरचं झाकण काढायचं, बाटलीत पाणी घ्यायचं, चिमूटभर सोडा टाकायचा. असल्या रसायनांतली काही सोड्याने पिवळी पडतात. पहिली पाच चेंबरं स्वच्छ. सहाव्यात पाणी लिंबासारखं पिवळं झालं. पिवळ्याचा माग काढत आम्ही उन्हातून चालत राहिलो. मी कंटाळून म्हणालो, "बाय, जेवून घेऊ या का?" त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की माझी भूकच मेली. मंगळवारपासून त्यांचा डबा उघडलाच नव्हता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

माग संपला तो शेठच्या रंगाच्या कारखान्यामागे. पुढच्या बाजूला मीटर, मंजुरी, सगळं कायदेशीर. मागच्या बाजूला एक चोरटा पाइप. त्यातून पिंपं धुतलेलं पाणी गटारात पडत होतं.

बाय त्या पाइपाकडे बघून हसल्या. "मी बोल्ले होते ना? मागच्या दारानं येनारा मानूस हा."

त्यांनी रिपोर्ट लिहिला. साहेबांनी शेठचं नाव गाळायला सुचवलं. बायनी तो पुन्हा लिहिला, नाव दोनदा घालून. पाइप बंद झाला. टाकीत साधं पाणी सोडून आम्ही विष पातळ केलं आणि वाट बघत बसलो. गुरुवारी दुपारी ऑक्सिजनचा काटा हळूहळू वर सरकायला लागला. मंडळींची धाप कमी झाली होती. मी बाहेरचं पाणी तपासलं. अन्न निम्म्याहून जास्त संपलं होतं. मी आकडा वाचून दाखवला. बायनी मला तो तीनदा वाचायला लावला. मग त्या टाकीच्या कठड्यावर बसल्या, डबा उघडला, सुकट-भाकरीचा पहिला घास घेतला आणि हमसून हमसून रडल्या. मी त्यांच्या हातातली भाकरी पडू नये म्हणून खाली हात धरून उभा राहिलो. त्या बाईवर माझं किती प्रेम आहे हे मला त्या दुपारी कळलं, आणि ते सांगायची माझी हिंमत कधीच झाली नाही.

शुक्रवारी टाकी उपसली गेली नाही. पण शेठ संचालक मंडळावर होतेच, आणि वर्षभराने बायना मुदतवाढ मिळाली नाही. निरोप समारंभात मॅनेजर साहेबांनी बायना 'आमच्या मातेसमान' म्हटलं. बायनी शाल खुर्चीवर ठेवली, नारळ वॉचमनला दिला आणि टाकीतला गाळ भरलेला पाच लिटरचा कॅन घेऊन गेटकडे निघाल्या. वॉचमनने नारळ काखेत धरूनच त्यांना अडवलं. माल बाहेर न्यायला गेटपास लागतो. बायनी पास मागवला, तपशिलाच्या रकान्यात लिहिलं, 'बापाचं मिठागर, पाच लिटर', आणि सहीसाठी माझ्यापुढे धरला. मी सही केली. माझ्या नोकरीतली एवढीच एक सही मला आठवते.

पुढच्या वर्षी नवीन तंत्रज्ञान आलं आणि जुनी टाकी खरोखरच उपसली. बातमी द्यायला मी बायना फोन केला.

"कुठं टाकला?" बायनी विचारलं.

"टँकर घेऊन गेला," मी नाक ओढत म्हणालो.

"बरा. माझ्याकडं हाय. तू रडू नको, बावलट दिसतोस."

त्याच रविवारी मी कामोठ्याला गेलो, हातात मंडळींच्या खुराकासाठी नर्सरीतून घेतलेली युरियाची पुडी. गॅलरीतल्या निळ्या पिंपात कॅनमधली मंडळी होती, त्यात माशांच्या टाकीचा छोटा पंप हवा सोडत होता आणि बाय त्यात गुळाचं पाणी आणि मूठभर खडेमीठ घालत होत्या. मिठागरवाल्याच्या लेकीला मीठ वाण्याकडून आणावं लागतं, याची त्यांना भयंकर चीड होती. गॅलरीच्या दारात सोसायटीचे सेक्रेटरी वासाची तक्रार घेऊन उभे होते. बायनी पिंपात हात बुडवला आणि तो ओला हात थेट त्यांच्या नाकाखाली धरला.

"सांगा, कसला वास हाय?"

"मातीचा," सेक्रेटरी दबक्या आवाजात म्हणाले.

"मंग? तुमच्या घरातून लसणाच्या फोडनीचा येतो, मी कधी बोल्ले?"

सेक्रेटरी गेले. घरतकाका, म्हणजे बायचे मिस्टर, न्हावा शेव्याच्या बंदरातून निवृत्त झालेला शांत माणूस. त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं आणि कुजबुजले, "तक्रार मीच करायला लावली होती. त्या पिंपापायी मला गॅलरीत खुर्ची टाकता येत नाय."

मी खाली उतरलो आणि रस्त्यावरून वर पाहिलं. बाय कपडे बडवायच्या धोपाटण्याने पिंप ढवळत होत्या. मला बघून चार मजले खाली ऐकू येईल असं ओरडल्या, "सातारा, परत येशील तं गूल आन! रिकाम्या हातानं येऊ नको!" आजूबाजूच्या गॅलऱ्यांमधून माणसं डोकावली. मी हात हलवला. ते त्यांचं शेवटचं दर्शन. पुढचे सात महिने मी गेलो नाही. कामं होती, असं मी स्वतःला सांगत होतो.

तर तो गूळ घेऊन मी दारात उभा होतो. घरतकाकांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गुळाकडे. मी काहीतरी पुटपुटलो, चुकलं, माफ करा, असं काहीतरी. त्यांनी माझ्या हातातून गूळ घेतला. तो घेऊन ते सरळ गॅलरीत गेले. मी दारातूनच पाहत राहिलो. पिंपात पंप बुडबुडत होता. काकांनी वरवंट्याने गुळाचा खडा फोडला, मगात विरघळवला आणि धार धरून पिंपात ओतला. मग कोपऱ्यातलं धोपाटणं घेऊन चार वेळा ढवळलं, वाकले आणि डोळे मिटून वास घेतला.

"कालच संपला होता," ते पाठमोरेच म्हणाले. "वान्याकडं जायला पाय निघत नव्हता. वाटला, आज उपाशी राहतात का काय."

त्यांनी हात धोतराला पुसले आणि माझ्याकडे वळले.

"ये, आत ये," ते म्हणाले. "मंडली जेवली. आता तुझ्यासाठी चहा ठेवतो."